सरवा

आमच्या छापखान्यात मशीन सुरू झालं की पहिले पन्नास-साठ कागद कधीच धड निघत नाहीत. शाई बसायची असते, पाणी जुळायचं असतं, एका रंगावर दुसरा रंग नेमका पडायचा असतो. मशीन सिंगल कलर. चार रंगांचं काम असेल तर प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, तोच कागद चारदा आत जातो आणि दर वेळी ही जुळवाजुळव नव्याने करावी लागते. त्यासाठी कोरा कागद वाया घालवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून आमचे मशीनमन भाऊ आधी बिघडलेले कागद कोपऱ्यात रचून ठेवतात आणि नवं काम लावताना तेच पुन्हा आत सोडतात. एकेक कागद असा आठ-दहा वेळा फिरून येतो आणि दर फेरीत त्याच्यावर आणखी काहीतरी चढतं.

माझ्यासमोर आत्ता त्यातलाच एक कागद आहे. खाली लग्नपत्रिकेतला गणपती. त्याच्या पोटावर खोकल्याच्या औषधाचं लेबल, तेही आडवं. त्यावर शिकवणी वर्गाच्या जाहिरातीतला टाय लावलेला मुलगा, पण त्याची फक्त मजेंटाची प्लेट उमटलेली, म्हणून तो पायापासून केसांपर्यंत गुलाबी आणि पारदर्शक. त्याच्या छातीतून गणपतीची सोंड दिसते. एका कडेला सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरचा तक्ता आहे, उगवणशक्ती, शुद्धता, वजन. आणि नीट उजेडात धरला तर सगळ्यांच्या खाली पिवळ्यात काहीतरी लिहिलेलं आहे, पण पिवळा रंग एकटा असला की ट्यूबलाइटखाली तो दिसतच नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या या छापखान्यात मी अकरा वर्षं पत्रिका, लेबलं आणि पत्रकं करते आहे. हे कागद अकरा वर्षं माझ्या पायाशी होते. बसायच्या स्टुलावर टाकायला, डबा ठेवायला, शाईचे हात पुसायला आम्ही ते वापरत होतो. मी ते पाहिले मात्र अलीकडे. पहिल्यांदा एक उचलून खिडकीशी नेला तेव्हा मशीनमन भाऊ म्हणाले, "काय पाहून राहिली ताई? रद्दी आहे ते."

मधली दोन वर्षं माझ्या हाताला काही सुचत नव्हतं. काम चालू होतं. लग्नसराईत दिवसाला सात-आठ पत्रिका होत होत्या, तोच कलश, तीच केळीची पानं, फक्त नावं बदलायची. पण घरी येऊन स्वतःसाठी वही उघडली की पान कोरंच राहायचं. मग मी फोनवर इतरांची चित्रं पाहत बसायचे. कोरियातल्या कोणाचं तरी पावसातलं दुकान, ब्राझीलमधल्या कोणाची तरी मांजरं, पुण्या-मुंबईच्या मुलामुलींच्या सुंदर वह्या. एक वाजायचा. शेकडो चित्रं सेव्ह करून ठेवलेली होती आणि त्यांतलं एकही दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. भूक नसताना पंगतीत बसून राहावं तसं ते पाहणं होतं.

त्या काळात एका प्रकाशकाने मुखपृष्ठाचं काम दिलं. मला फार आनंद झाला होता. भेटायला गेले तर त्यांनी फोनवर दुसऱ्याच एका चित्रकाराचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, हुबेहूब असं करून द्या, रंग तेवढे बदला. मी ते करून दिलं. पैसे मिळाले. पुस्तक बाहेर आलं, त्यावर माझं नाव छापलं गेलं, आणि ते पुस्तक मी आजवर घरी आणलेलं नाही. काय चुकलं हे मला त्या वेळी नेमकं सांगता आलं नसतं. वाईट वाटत होतं, एवढंच कळत होतं.

मग मे महिना आला. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री अकरालाही भिंती गरम, कूलरच्या आवाजात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. अशा एका रात्री मी लॅपटॉपवर आन्येस वार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेचा 2000 सालचा माहितीपट लावला. वार्दा तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. हातात छोटासा डिजिटल कॅमेरा घेऊन त्या फ्रान्सभर हिंडल्या, पीक काढून नेल्यावर शेतात जे उरतं ते वेचणाऱ्या माणसांच्या मागे. सुरुवात मिले या चित्रकाराच्या 1857 सालच्या त्या प्रसिद्ध चित्रापासून होते, कापलेल्या शेतात वाकून लोंब्या वेचणाऱ्या तीन बायका. इंग्रजी सबटायटलमध्ये जो शब्द येत होता तो मला माहीत नव्हता. पण ती वाकलेली पाठ दिसली आणि कूलरच्या घरघरीत माझ्या तोंडून शब्द निघाला, सरवा.

माझी आजी काटोलकडची. लग्न होऊन नागपुरात येईपर्यंत ती सरवा वेचायला जायची. गहू निघाला की लोंब्या, भुईमूग निघाला की मातीत राहिलेल्या शेंगा. मी लहान असताना ती हे सांगायची तेव्हा तिचा हात आपोआप खाली जायचा आणि अंगठा नि दोन बोटं मिळून हवेतलंच काहीतरी उचलायची. तिच्या बोलण्यात गरिबीची लाज अजिबात नसायची. उलट एक कौशल्य सांगितल्यासारखी ती सांगे. उन्हाकडे पाठ करून चालायचं नाही, आपलीच सावली पडते आणि दाणा दिसत नाही. ओळीने जायचं नाही, कारण कापणारे ओळीने गेलेले असतात, राहिलेलं सगळं वळणावर आणि बांधाच्या कडेला सापडतं. आणि एक नियम ती फार गंभीरपणे सांगायची: कापून रचलेल्या गंजीला हात लावायचा नाही. शेवटची पेंढी शेतातून हलल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. पेंढी मालकाची, खाली पडलेली लोंबी वेचणारीची.

त्या माहितीपटात काळा झगा घातलेला एक वकील चक्क शेतात उभा राहून कायद्यातलं कलम समजावून सांगतो. पीक निघून गेल्यानंतर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वेचायची मुभा आहे. मी तिथे थांबवून ते पुन्हा पाहिलं. आजी अक्षर न वाचता हेच सांगत होती.

वार्दांना बटाट्याच्या शेतात पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात. बाजाराच्या मापात न बसल्यामुळे टाकून दिलेले. त्या ते घरी नेतात, त्यांना कोंब फुटू देतात, सुरकुतू देतात आणि चित्रित करत राहतात. पुढे 2003 साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात त्यांनी याच बटाट्यांचं एक मोठं काम मांडलं. एकदा कॅमेरा बंद करायचा राहून जातो आणि लेन्सचं लोंबकळणारं झाकण जमिनीवर नाचताना मुद्रित होतं. दुसऱ्या कोणी ते कापून टाकलं असतं. त्यांनी त्याला जॅझचं संगीत दिलं आणि ठेवलं. रस्त्यावर टाकलेलं, काटे नसलेलं एक घड्याळ त्या घरी आणून मांडतात. आणि मधूनच स्वतःच्या म्हाताऱ्या हाताकडे, त्यावरच्या डागांकडे कॅमेरा वळवतात, एका हाताने दुसऱ्या हाताचं चित्रण करतात. मला त्या हातात आजीचा हात दिसला हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात तो कागद उचलला.

हे असं लगेच घडलं म्हणून सोपं वाटेल, पण मला त्यातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला बरेच महिने लागले. मी वार्दांचे बटाटे घेतले नव्हते. बदामाच्या आकाराची भाजी शोधत मी बाजारात गेले असते आणि तिची चित्रं काढली असती, तर ते पुन्हा त्या मुखपृष्ठासारखंच झालं असतं, गंजीत हात घालण्यासारखं. त्यांच्याकडून मला मिळालं ते वाकणं. कुठे वाकायचं ते ज्याच्या त्याच्या शेतावर अवलंबून असतं. माझं शेत हा छापखाना होता.

एवढं कळल्यावर मी दुसऱ्यांची चित्रं पाहायला पुन्हा सुरुवात केली, पण वेगळ्या रीतीने. रात्री फोनवर शंभर पाहण्याऐवजी एकच, आणि तेच आठवडाभर. भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' एका मैत्रिणीने दिलं ते मी तीन महिने परत केलं नाही. भज्जू श्याम मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे, परधान गोंड. भोपाळला त्यांनी रखवालदारी केली, विजेची कामं केली, मग काका जनगढसिंह श्याम यांच्या हाताखाली चित्रं शिकले. 2002 साली लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला ते दोन महिने गेले आणि परत येऊन त्यांनी ते शहर काढलं. 2004 मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने ते पुस्तक केलं. जमिनीखालून धावणारी रेल्वे त्यांनी गांडूळ म्हणून काढली, कारण मातीखालच्या जगाचा राजा तोच. रोज ज्या तीस नंबरच्या बसने ते जायचे ती कुत्रा झाली, कारण ती इमानाने घरी आणून सोडायची. आणि बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबड्याचा डोळा. त्यांच्या गावात वेळ सांगायचं काम कोंबड्याचं.

आपलं नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास वसवलं हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या जुन्या संग्रहालयात, लहानपणापासून सहली गेल्या. पण गोंड चित्र माझ्यासाठी बरीच वर्षं 'ठिपके आणि रेषा' एवढंच होतं, पत्रिकेच्या किनारीला लावायची एक नक्षी. ग्राहकाने मागितली की मी ती लावतही होते. या पुस्तकाने मला त्याची खरोखर शरम वाटली. ठिपके ही त्यांच्या घराण्याची पेंढी आहे, त्यांच्या घामाची. मी ती न विचारता उचलत होते. त्यानंतर मी ती किनार लावणं बंद केलं. ग्राहकाला सांगते की हवी असेल तर त्या चित्रकारांकडूनच करून घ्या, चार पैसे जास्त जातील. एखादाच ऐकतो.

मग मी गड्डीगोदामला जाऊन उभी राहिले. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो असे चार थर आहेत. भज्जू श्याम यांनी हे पाहिलं असतं तर कोणता प्राणी काढला असता, असा विचार करत मी तासभर स्केच केलं. अजगर काढला, गोम काढली. घरी येऊन पाहिलं तर सगळं खोटं. अजगर मी आयुष्यात पिंजऱ्याबाहेर पाहिलेला नाही. कोंबडा आणि गांडूळ हे त्यांच्या अंगणातले होते म्हणून बिग बेनपर्यंत पोचले. मी त्यांचा प्रश्न न घेता उत्तरच घ्यायला निघाले होते, पुन्हा गंजीकडे.

प्रश्न असा होता की माझ्या घरात वेळ कोण सांगायचं.

ते आठवायला मला खरंच दोन दिवस लागले, आणि आठवलं तेव्हा भाजी निवडत होते. भोंगा! एम्प्रेस मिलचा भोंगा. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ती गिरणी, आणि आमचे आबा तिच्या साचेखात्यात. आमचं घर गणेशपेठेत, म्हणजे भोंगा वाजला की पातेल्यावरचं झाकण थरथरायचं. आजीचा सगळा दिवस भोंग्यावर बांधलेला होता. भोंग्याला चूल, भोंग्याला डबा, भोंग्याला आमची शाळेची वेळ. गिरणी बंद पडली, आबा गेले, त्या जागेवर मॉल उभा राहिला, तरी आजी सकाळी म्हणायची, "उठा गं, भोंगा झाला." आम्ही हसायचो. कुठे आहे भोंगा, आजी? ती म्हणायची, "झाला. तुम्हाले नाही आला आयकू."

मी त्या रात्री भोंगा काढायला बसले. भोंगा दिसायला कसा होता हे मला ठाऊक नव्हतं, मी तो फक्त ऐकला होता. म्हणून मी त्याला आजीचं तोंड दिलं. धुराड्याच्या टोकाला आजीचा चेहरा, गाल फुगलेले, डोळे मिटलेले, कपाळावर तिचं मोठं कुंकू. खाली रांगेने डबे घेतलेली माणसं.

सिनेमातूनही असंच काहीतरी हाताला लागलं, पण त्याला दहा वर्षं लागली. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2015 मध्ये लागला तेव्हा मी तो थिएटरात पाहिला, मुख्यतः वीरा साथीदार यांच्यासाठी. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीराभाऊ आपल्या नागपूरचे, चळवळीतले, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने इथेच गेले. सिनेमा पाहताना मला तेव्हा एक गोष्ट खटकली होती. माणसांचं बोलणं संपायचं, ती उठून जायची, तरी कॅमेरा तिथेच. सुट्टी लागण्याआधी कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात, अंधार होतो आणि तो अंधार आपल्याला बराच वेळ पाहत बसावं लागतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उठला होता, सिनेमा संपला समजून. मलाही वाटलं होतं, कशासाठी एवढं?

गेल्या वर्षी तो पुन्हा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. शेवटची पेंढी हलल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, हे आजीचं वाक्य. ताम्हाणे यांचा कॅमेरा पेंढी हलण्याची वाट पाहतो. बातमी, युक्तिवाद, निकाल, हे सगळे उचलून नेतात. खोली रिकामी झाल्यावर जे जमिनीवर उरतं, ते पाहायला तो थांबतो.

तेव्हापासून मी थांबते. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला गेले होते, दर वर्षी जाते. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी या मारबतीच्या दोन मोठ्या मूर्ती समोरासमोर येतात त्या क्षणी सगळं इतवारी ओरडतं, "घेऊन जा गे मारबत!" वर्षभरातल्या रागाचे पुतळे, म्हणजे बडगे, नाचत पुढे जातात. बांबूच्या कामट्या आणि कागद यांतून दर वर्षी नव्याने घडणारं इतकं धारदार चित्रण दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल असं मला वाटत नाही, आणि आपल्या कलेच्या चर्चेत त्याला जागा नाही याचा मला खेद आहे. या वेळी मिरवणूक पुढे गेल्यावर मी मागे राहिले. रिकाम्या रस्त्यावर एका बडग्याचा कागदी कान पडला होता, हातभर लांब, गुलाबी रंग अजून ओला. एक सहा-सात वर्षांची मुलगी तो आपल्या कानाला लावून उभी होती आणि आईला सांगत होती की मला दूरचं ऐकू येतंय. मी तिथेच फुटपाथवर बसून तिला काढलं. चित्रकार प्रभाकर बरवे एखादं पान, एखादी किल्ली कॅनव्हासच्या मोठ्या रिकाम्या जागेत एकटी ठेवायचे, आणि त्या वस्तूभोवती शांतता जमायची. ते मी पुस्तकांतून पाहिलं होतं. त्या कानाभोवतीचा इतवारीचा रस्ता तसा मोकळा होता.

आता मशीनमन भाऊ मला खराब कागद वेगळे काढून ठेवतात. कोणता ठेवायचा हे तेच ठरवतात आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. परवा एक दिला आणि म्हणाले, "यातला निळा पाहा ताई, असा पुन्हा नाही बसणार." खरंच नव्हता बसणार.

भोंग्याचं चित्र मी वहीतून अशाच एका कागदावर उतरवलं. काळ्या शाईने, जाड ब्रशने, रात्री ट्यूबलाइटखाली. कागद जवळजवळ कोरा वाटला म्हणून घेतला होता, कडेला थोडा फिकट निळा होता तेवढाच. वाळायला म्हणून सकाळी अंगणातल्या दोरीला चिमटे लावून टांगला. आई तुळशीला पाणी घालत होती. ती चित्रासमोर थांबली आणि मान वाकडी करून काहीतरी वाचायला लागली.

"हे काय लिहिलंस गं?"

मी काही लिहिलं नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं. उन्हात कागदाच्या पोटातला पिवळा वर आला होता. कोणाच्या तरी पत्रिकेतली, पिवळा नि मजेंटा मिळून होणारी लाल अक्षरं असणार, त्यांची फक्त पिवळी प्लेट त्या कागदावरून गेलेली, आणि मी कागद उलटा धरून चित्र काढलं होतं. आजीच्या फुगलेल्या गालातून ती ओळ उलटी जात होती. गोरज मुहूर्त, सायंकाळी 6 वाजून 32 मिनिटांनी.

आईने ती दोनदा वाचली. मग झारी खाली ठेवली.

"एवढ्या वाजता मामंजी ओसरीवर बसून पाय धुवत असायचे," ती म्हणाली.